विहारातलं वाचन आणि माझी न वाचलेली पुस्तकं

श्रावणातल्या पौर्णिमेपासून मी वाचनालयातून चार पुस्तकं आणली आणि भाद्रपदातल्या पौर्णिमेला चारही परत केली. एकही पूर्ण वाचलं नव्हतं. यात विशेष काय, असं ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी सांगते, की मी महिन्याला सहा-सात पुस्तकं वाचणारी बाई आहे. नोकरी, स्वयंपाक, सासूबाईंचं आजारपण, मुलाची दहावी, यातल्या कशानंही माझं वाचन थांबलं नव्हतं. या महिन्यात तर यातलं काहीच नव्हतं. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली, आणि घरात आम्ही दोघंच. वाचायला इतका वेळ मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

पहिली एक जाड कादंबरी होती, एका मोठ्या शेतकरी कुटुंबाची. चाळीस पानं झाल्यावर लक्षात आलं, की यातला थोरला कोण आणि मधला कोण हे मला माहीत नाही. परत पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा चाळिसाव्या पानावर तेच. मग ऑफिसात करते तसं केलं: कागद घेतला, माणसांची यादी केली, नाती लिहिली, बाण काढले. यादी झकास झाली. ती अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे. कादंबरी पुढं गेली नाही.

दुसरी परदेशातल्या खुनाची गोष्ट, मराठीत आणलेली. सहाव्या पानावर खून झाला. तिसाव्या पानापर्यंत मला तो कुणी केला याच्याशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. मी कधी करत नाही ते केलं, शेवटचं पान उघडलं. खुनी कळला. पण हा माणूस गोष्टीत आधी कुठं आला होता तेच आठवेना. तिसरं एका परिचारिकेचं आत्मचरित्र. ते चांगलं आहे हे मला समजत होतं. ताप असताना भाजी चांगली झालीय हे वासावरून कळतं आणि जिभेला काही लागत नाही, तसं.

चौथं वाचनालयातल्या बाईंनी दिलं. या बाई फोनवर घरच्यांशी तेलुगूत आणि समोरच्याशी मराठीत एकाच वेळी बोलतात आणि दोन्हीकडे चूक करत नाहीत. खुनाची गोष्ट बदलून द्या म्हणून मी आठ दिवसांत परत गेले, तेव्हा त्यांनी फोन कानापासून लांब धरला.

"ही वाचली का नुसती घरी नेऊन आणली?"

"नाही जमत. काहीतरी हलकं द्या."

"याच्याहून हलकं म्हणजे मग ते खालचं कपाट." खालच्या कपाटात मुलांची पुस्तकं असतात. त्यांनी खरंच एक काढून दिलं, प्राण्यांच्या गोष्टींचं, मोठ्या अक्षरांचं. "घ्या, चित्रं तरी बघा."

चित्रं बघितली.

खुनाची गोष्टही त्यांनी ठेवून घेतली नाही. "राहू द्या तुमच्याकडं, महिना संपला की चारी एकदम आणा," म्हणाल्या.

मी हातावर हात ठेवून बसणारी नाही. डोळे तपासून घेतले. नंबर पावानं वाढला होता, चष्मा बदलला. रक्त तपासलं. साखर ठीक, थायरॉइड ठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वयात होतं असं." काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण बाहेर बऱ्याच बायका नंबर लावून बसल्या होत्या. मोबाइलमुळे होत असेल म्हणून ऑफिसातून आल्यावर तो गव्हाच्या डब्यात टाकायला लागले. डब्यातून तो वाजायचा आणि मी पीठ मळायचं सोडून धावायचे, एवढाच फरक पडला.

ऑफिसात मात्र काहीच बिघडलं नव्हतं. मी एका सरकारी कार्यालयात आहे आणि आलेलं परिपत्रक वाचून त्यात नेमकं काय म्हटलंय हे सगळ्यांना सांगण्याचं काम, नेमून दिलेलं नसलं तरी, माझ्याकडे आहे. ते मी या महिन्यातही केलं. अमुक दिनांकाच्या संदर्भीय पत्रान्वये, असं सुरू झालेलं वाक्य मला बरोबर शेवटपर्यंत नेत होतं. फक्त पुस्तक म्हणून काही हातात घेतलं की डोळे ओळींवरून जायचे, पान उलटायचं, आणि मागं काही राहायचं नाही.

नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "मग नको वाचू की. कुणी सक्ती केलीय का?"

"केलीय," मी म्हणाले. "विहारात वाचायचंय रोज."



आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, म्हणजे आषाढातल्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. त्रिसरण-पंचशील झालं, की एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. चाळीसेक मिनिटं वाचन, आणि मग वाचणाऱ्यानंच आजच्या भागाचा अर्थ आपल्या शब्दांत सांगायचा. कुणाला विचारायचं असेल तर ते विचारतात. ऐकायला तीस-पस्तीस माणसं असतात, बहुतेक बायका, बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. त्यातल्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही. ज्यांना येतं त्या म्हणतात, ऐकलेलं जास्त मनात राहतं.

हे वाचन वीसेक वर्षं एक निवृत्त शिक्षक करत होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. उन्हाळ्यात त्यांना झटका आला, उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. आषाढ जवळ आला तेव्हा विहाराच्या कमिटीतले दोघं घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, आता तुम्हीच." मी चहा टाकायच्या आधीच हो म्हणाले होते. वस्तीत वाचणारी म्हणून माझंच नाव निघणार हे मला ठाऊक होतं, आणि ते निघावं अशी इच्छाही होती.

त्याचं कारण जुनं आहे. माझी आई विड्या वळायची. सूप मांडीवर घेऊन ती दिवसभर बसायची, आणि शाळेतून आल्यावर मी तिच्यासमोर बसून हाताला लागेल ते मोठ्यानं वाचायची. शाळेचं पुस्तक, किराण्याच्या पुडीचा कागद, लग्नपत्रिका. शेजारच्या बायका आपापली सुपं घेऊन आमच्याच ओसरीला येऊन बसायला लागल्या. पत्रं आली की माझ्याकडे यायची. पुढं त्याच बायकांनी माझ्या आईला सांगितलं, पोरीला विड्यांना बसवू नको, शिकू दे. मी शिकले, नोकरीला लागले. मला शिवण येत नाही, गाणं येत नाही, चारचौघींत गोड बोलणंही येत नाही. वाचता येतं. ते गेलं तर मी या वस्तीत कशी उभी राहणार होते, आणि सरांनी वीस वर्षं चालवलेलं वाचन माझ्या हातून बंद पडलं तर कुणाला तोंड दाखवणार होते?

पहिला महिना नीट गेला. दुसऱ्या महिन्यात घरच्या पुस्तकांचं जे झालं तेच इथं सुरू झालं. आवाज चांगला लागायचा. जोडाक्षरं अडायची नाहीत, स्वल्पविरामाला मी थांबायचे, पूर्णविरामाला श्वास घ्यायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई किती समजून वाचतायत. आणि चाळीस मिनिटांनी ग्रंथ मिटला की मला आत्ता काय वाचलं ते सांगता यायचं नाही.

मग मी एक पळवाट काढली. गेली कितीतरी वर्षं मी याच विहारात बसून सरांचा अर्थ ऐकला होता. समोरच्या प्रकरणाचं नाव बघायचं, सर त्यावर काय म्हणायचे ते आठवायचं आणि तेच आपलं म्हणून सांगायचं. सरांच्या बोलण्यातली उदाहरणंसुद्धा मी तशीच घेतली. आणि सर समोर बसलेले असायचे. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणते, त्यांना चाकाच्या खुर्चीतून रोज आणायच्या आणि खांबाजवळ ठेवायच्या. आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना काय वाटत होतं, कोण जाणे. विचारायची सोय नव्हती.

सरांची एक पद्धत होती. वाचन जिथं थांबेल तिथं समासात पेन्सिलीनं बारीक तारीख टाकायची. उद्या तिथून पुढं. मीही ते चालू ठेवलं. जन्म ऑफिसात गेलेल्या बाईला तारीख टाकायला आवडतंच.

महिन्याच्या मधल्या एका संध्याकाळी मी ग्रंथ उघडला, तारीख दिसली, तिथून वाचायला लागले. बाहेरच्या गल्लीत गणपतीच्या मांडवाचे बांबू ठोकत होते, म्हणून आवाज जरा चढा लावला. मध्येच सरांनी डावा हात वर केला. काकूंनी त्यांना पाणी पाजलं. थोड्या वेळानं त्यांनी परत हात वर केला, काकूंनी परत पाणी पाजलं. तिसऱ्यांदा केला तेव्हा काकूंनी पदरानं त्यांना वारा घातला. मी वाचत राहिले. चाळीस मिनिटं झाली, परिच्छेद संपला, मी पेन्सिल घेऊन तारीख टाकायला खाली बघितलं.

तिथं तारीख होती. कालची. माझ्याच अक्षरात.

कालचं सगळं मी आज पुन्हा वाचलं होतं. सुरुवातीला परवाची तारीख बघून तिथून सुरू केलं होतं. तारखेची चूक कुणाकडूनही होते. पण चाळीस मिनिटं, मोठ्यानं, स्वतःच्या तोंडानं आणि स्वतःच्या कानांनी, आणि एका वाक्यालाही मला वाटलं नाही की हे आपण कालच वाचलंय.

मी मान वर केली. पस्तीस माणसं हात जोडून बसली होती.

"हे काल झालं होतं," मी म्हणाले.

"व्हय की," पुढच्या रांगेतून आक्का म्हणाल्या. आक्का सत्तरीच्या आहेत, जन्मभर विडीच्या कारखान्याला माल दिला, आणि अक्षर ओळखत नाहीत. "काल झालं हुतं."

"मग सांगायचं नाही का?"

"आमाला वाटलं, काल आमाला काय कळलं न्हाय, म्हणून तुमी परत घ्यायलाव."

मागून एक बाई म्हणाली, "मी तर म्हटलं, वरून तसा काही आदेश आला असेल. प्रत्येक पाठ दोनदा घ्या म्हणून. मॅडम ऑफिसातल्या आहेत."

"तसं कळलं न्हायच की मला काल," आक्का तिला म्हणाल्या. "आज जरा कळलं."

माझ्या चुकीचा दोष पस्तीस जणांनी बिनबोभाट आपल्याकडे घेतला होता आणि आपण कमी पडलो म्हणून मुकाट्यानं दुसऱ्यांदा ऐकलं होतं. ही माझी चूक आहे हे एकट्या सरांना कळलं होतं, त्यांना बोलता येत नव्हतं. मी त्या दिवशी अर्थ सांगितला नाही. घसा बसलाय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळीच सरांच्या घरी गेले. ठरवून गेले होते, की सरांना सांगायचं, वाचन मला होत नाही, दुसरं कुणी बघा. सर खिडकीशी बसले होते आणि त्यांच्यासमोर स्टुलावर वर्तमानपत्र उभं केलेलं होतं. ते बघत होते. मला बरं वाटलं.

"वाचायला लागले की सर."

काकू मला आत स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "वाचत न्हाईत ओ ते. अक्षर दिसतंय, पर काय हाय ते कळत न्हाय त्यांना. डॉक्टर म्हणले, डोकं जिथं वाचतं ते ठिकाणच गेलंय. तरी सकाळी पेपर समोर लागतोय. अर्धा तास बसत्यात. मग मी पान उलटते. न्हाय उलटलं की रागवत्यात."

मी धपाटं खाल्लं, चहा प्याले. जे सांगायला आले होते ते या घरात कसं सांगायचं हे मला कळेना. ज्याचं खरोखर गेलंय त्याच्यापुढं उभं राहून, माझा चष्मा, साखर सगळं ठीक आहे पण मला वाचता येत नाही, असं म्हणायचं? शेवटी बाहेर येऊन सरांसमोर बसले आणि थोडक्यात सांगितलंच. परवाचंच काल पुन्हा वाचलं, तुम्ही हात केला, मला समजलं नाही, अर्थ म्हणून मी तुमचंच बोलणं सांगते, हेही सांगितलं. मग विचारलं, "सर, मी सोडू का?"

"हां," सर म्हणाले. आणि मान नाही अशी हलवली.

"सोडू नको म्हणताय?"

"हां." मान पुन्हा आडवी.

मी काकूंकडे बघितलं.

"त्यांचं हां म्हंजे न्हाय बी असतंय," काकू म्हणाल्या. "मान बी कदी खरं बोलती, कदी न्हाय. चपाती पायजे का विचारलं तर हां म्हणत्यात आन् ताट सरकवत्यात. आमी आपलं पुढं ठिवून बघताव. खाल्लं तर पायजे हुतं."

"मग याचं काय करू?"

"तुमी बी ठिवून बघा की," काकू म्हणाल्या आणि पेपरचं पान उलटलं.

यातून मी काय उत्तर घेऊन घरी आले, मला आजही सांगता येणार नाही. कमिटीतल्या दोघांना फोन केला. एक म्हणाले, "मॅडम, दुसरं कोण आहे? पोरं सगळी इंग्रजी शाळेतली, वाचायला बसवलं तर मराठीत अडतायत." दुसऱ्यांनी फोन उचलला नाही.

संध्याकाळी वाचन केलं, तारीख दोनदा तपासून. मग ग्रंथ मिटला आणि सरळ सांगितलं. "आज मी वाचलं, पण त्यात काय होतं ते मला सांगता येणार नाही. पंधरा दिवस असंच चाललंय. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. घरची पुस्तकंही होत नाहीत."



"मग इतके दिवस काय सांगत हुता आमाला?" आक्कांनी विचारलं.

"सर सांगायचे ते."

"तरीच म्हणलं, वळखीचं वाटतंय." बायका हसल्या. आक्का हसल्या नाहीत. त्या जरा पुढं सरकल्या. "आज हाव कशी असती ते हुतं. तुमी वाचलासा, मी सांगते. कारखान्यात आमचा माल तपासायला एक माणूस असायचा. चांगल्या विड्या छाटात टाकायचा. खराब म्हणून बाजूला काढायचा ओ, चांगल्याच. आमाला वाटायचं, घरी नेत असंल, विकत असंल. एक दिवस बघितलं, तर मागं ढीग तसाच पडलेला. त्याला विड्यांची हाव नव्हती. आमी हात जोडतो, गयावया करतो, ते त्याला रोज बघायला लागायचं. तेच्यात लिवलंय ते ह्येच हाय."

तेच लिहिलेलं होतं का, मला माहीत नव्हतं. ग्रंथ माझ्या मांडीवर होता, पान बोटाखाली होतं, मीच ते दहा मिनिटांपूर्वी वाचलं होतं, आणि आक्का बरोबर सांगतायत की आपल्या पदरचं घालतायत हे मला ठरवता येईना. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. खांबाजवळ सरांनी डावा हात वर केला. बरोबर म्हणून केला की चूक म्हणून, ते काकूंनाही सांगता आलं नाही. त्यांनी पाणी पुढं केलं, सरांनी ते घेतलं नाही.

तेव्हापासून मी वाचते आणि अर्थ आक्का सांगतात, नाहीतर दुसरी कुणी. कधी दोघींचं जुळत नाही आणि त्या माझ्याकडे वळतात, की मॅडम, तुमीच सांगा, तिथं काय हाय. मी पान काढून तेवढंच परत वाचते. त्यांचं भांडण मिटतं. माझ्या हाती काही लागत नाही. वाचन बंद पडलं नाही, एवढं खरं. माझं मात्र सुरू झालं नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर मी नवऱ्याशेजारी बसून टीव्हीवरच्या मालिका बघते आणि त्यातलं कोण कुणाचं कोण हे मला चोख समजतं. तो माणूस आता मला विचारून मालिका बघतो.

पौर्णिमेला दुपारी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून चारही पुस्तकं परत दिली. वाचनालयातल्या बाईंनी फोन ठेवला. असं त्या सहसा करत नाहीत.

"नवीन काय देऊ?"

"काही नको."

"पुढच्या महिन्यात?"

"बघू."

त्यांनी प्राण्यांच्या गोष्टींचं पुस्तक माझ्यापुढं पुन्हा सरकवलं आणि मी ते परत सरकवलं.

संध्याकाळी विहारात गर्दी होती. पांढऱ्या साड्या, खिरीचं पातेलं, नेहमी न येणारी माणसंही आलेली. मी वाचलं. वाचून झाल्यावर आक्का काही बोलेनात. मी वाट बघितली.

"आज मला बी कळलं न्हाय," त्या म्हणाल्या. "कुणाला कळलं का ओ?"

कुणी हात वर केला नाही. मी शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला, सावकाश, एकेक वाक्य सुटं करून. मग आणखी एकदा वाचला, या खेपेला त्यांच्यासाठी नाही. शब्द सगळे ओळखीचे होते. तिसऱ्या ओळीपर्यंत पहिली निसटून जात होती.

"अजून एकदा घ्या," आक्का म्हणाल्या. "खीर काय पळून जात न्हाय."

मागं एक बाई उठली, तिला घरी कुकर लावायचा होता. मी बोट पहिल्या शब्दावर ठेवलं.